जाक मोनो

जाक ल्युसियाँ मोनो (जन्म : ९ फेब्रुवारी १९१०, पॅरिस, मृत्यू : ३१ मे १९७६, कान) हे फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक होते. पेशीतील जनुकांचे कार्य कसे नियंत्रित होते, हे उलगडून दाखवल्याबद्दल त्यांना फ्रांस्वा जाकोब आणि आंद्रे ल्वॉफ यांच्यासह १९६५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. या कार्याची ख्याती एवढी मोठी ठरली की, त्याच प्रयोगमालेतून पुढे आलेला त्यांचा दुसरा शोध सामान्य वाचकाच्या नजरेआड राहिला. जीवाणूच्या पेशीपटलातून शर्करेसारखे पदार्थ आत नेण्यासाठी विशिष्ट प्रथिने असतात, असे प्रतिपादन मोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केले आणि अशा प्रथिनांना 'पर्मिएज' हे नाव दिले. त्या वेळी असे एकही प्रथिन कोणी पेशीपासून वेगळे काढलेले नव्हते. ज्या प्रथिनाचे अस्तित्व मोनो यांनी केवळ अनुमानाने सांगितले होते, ते नऊ वर्षांनंतर किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने हाती लागले.

बालपण व शिक्षण

मोनो यांचे वडील ल्युसियाँ मोनो हे चित्रकार होते. घराणे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट परंपरेतले होते. आई शार्लट टॉड या अमेरिकेतील मिलवॉकी येथील, मूळ स्कॉटिश वंशाच्या होत्या. १९१७ मध्ये हे कुटुंब दक्षिण फ्रान्समधील कान या गावी स्थायिक झाले. तेथील शाळेतच मोनो यांचे शिक्षण झाले. वडील चित्रकार असूनही डार्विनच्या ग्रंथांचे वाचक होते आणि जीवशास्त्राची पहिली गोडी त्यांच्यामुळेच लागली, असे मोनो पुढे मानत. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या पायात कायमचा दोष राहिला. तरीही गिर्यारोहण आणि शिडाच्या होडीतून सागरभ्रमण हे छंद त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत.

१९२८ मध्ये ते पॅरिसला आले आणि १९३१ मध्ये त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. विद्यापीठातील जीवशास्त्राचे शिक्षण त्या काळी बरेच मागासलेले होते. खरे शिक्षण त्यांना ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरील रॉस्कॉफ येथील सागरी संशोधन केंद्रात, वयाने थोड्या मोठ्या असलेल्या चार संशोधकांकडून मिळाले. जॉर्ज तेसिए यांच्याकडून त्यांनी संख्यात्मक मोजमापाची आवड घेतली, आंद्रे ल्वॉफ यांच्याकडून सूक्ष्मजीवांचे महत्त्व, बोरिस एफ्रुसी यांच्याकडून आनुवंशिकीची दृष्टी. आणि सजीवाचे संपूर्ण स्पष्टीकरण अखेर रसायनाच्या भाषेतच द्यावे लागते, ही धारणा लुई रापकिन यांच्याकडून.

१९३४ मध्ये ते 'पुर्क्वा-पा?' या जहाजातून ग्रीनलंडच्या मोहिमेवर गेले होते. दोन वर्षांनी त्याच जहाजातून पुन्हा जाण्याचा त्यांचा बेत होता. परंतु एफ्रुसी यांच्या आग्रहाखातर ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, कॅलिफोर्नियातील टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत गेले. सप्टेंबर १९३६ मध्ये ते जहाज आइसलंडजवळ वादळात फुटले आणि एक खलाशी वगळता सर्व जण बुडाले. कॅलिफोर्नियात मोनो यांच्या हातून फारसे संशोधन झाले नाही. ते उत्तम चेलोवादक होते आणि तेथील काळ त्यांनी वाद्यवृंद व गायकवृंदाचे संचालन करण्यात घालवला. संगीत हाच आपला व्यवसाय करावा की काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे बराच काळ होता. पॅरिसमध्ये त्यांनी बाखच्या रचना गाणारा एक गायकवृंदही चालवला.

१९३८ मध्ये त्यांचा विवाह ओदेत ब्रुल यांच्याशी झाला. ओदेत या आशियाई कलेच्या अभ्यासक होत्या आणि पुढे पॅरिसच्या गिमे संग्रहालयात काम करत होत्या. भारतीय मंदिरांच्या छायाचित्रांचा, त्यांनी निवडलेला व टिपा लिहिलेला एक ग्रंथ प्रसिद्ध आहे. या दांपत्याला ऑलिव्हिए आणि फिलिप हे जुळे पुत्र झाले.

दोन टप्प्यांची वाढ

मोनो यांचा डॉक्टरेटचा प्रबंध (१९४१) जीवाणूंच्या वाढीवर होता. एकाच द्रावणात दोन वेगवेगळ्या शर्करा घालून त्यांनी जीवाणूंची वाढ मोजली, तेव्हा काही जोड्यांच्या बाबतीत वाढीची रेषा सरळ चढत जाण्याऐवजी मध्येच थबकते आणि काही वेळाने पुन्हा चढू लागते, असे आढळले. जीवाणू आधी एक शर्करा संपवतात, मग थोडा वेळ थांबतात आणि नंतर दुसरीकडे वळतात. या वाढीला मोनो यांनी 'डायॉक्सी' असे नाव दिले. हा विराम म्हणजे दुसऱ्या शर्करेसाठी लागणारे विकर तयार होण्याचा काळ असावा, हे ल्वॉफ यांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. आवश्यक तेव्हाच विकर तयार करण्याचे हे कौशल्य पेशीत कोठून येते, या एका प्रश्नाने त्यांची पुढील वीस वर्षे व्यापली.

युद्धकाळ

१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. ओदेत या ज्यू कुटुंबातल्या असल्याने त्यांना पॅरिसबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवून मोनो शहरातच राहिले आणि प्रतिकार चळवळीत उतरले. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील सशस्त्र गटात ते सामील झाले आणि पुढे फ्रान्सच्या एकत्रित अंतर्गत सैन्याच्या राष्ट्रीय मुख्यालयात कारवायांचे नियोजन करणाऱ्या जबाबदारीच्या पदापर्यंत पोहोचले. मार्शाल, मालिव्हेर अशी त्यांची टोपणनावे होती. सॉर्बोनमधील त्यांच्या प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा एक सांगाडा होता. त्याच्या पायांच्या हाडांत ते गुप्त कागदपत्रे दडवत, अशी हकिगत सांगितली जाते. सॉर्बोनमध्ये वावरणे धोक्याचे झाल्यावर पाश्चर संस्थेत ल्वॉफ यांनी त्यांना प्रयोगासाठी जागा दिली.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यानंतर ते फ्रेंच सैन्यात दाखल झाले. या काळात अमेरिकी सैन्याच्या फिरत्या ग्रंथालयात त्यांना लुरिया आणि डेलब्रुक यांचा जीवाणूंमधील उत्परिवर्तनावरील शोधनिबंध वाचायला मिळाला. जीवाणूंनाही जनुके असतात आणि त्यांच्यावर आनुवंशिकीचे प्रयोग करता येतात, ही गोष्ट त्यांच्या पुढील सर्व कामाचा पाया ठरली. १९४५ मध्ये ते पाश्चर संस्थेत ल्वॉफ यांच्या विभागात रुजू झाले.

युद्धात जवळ केलेला कम्युनिस्ट पक्ष त्यांनी युद्ध संपताच सोडला होता. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियात लिसेंको यांच्या मतांना राजमान्यता मिळाली आणि आनुवंशिकीवर बंदी आली, तेव्हा मोनो यांनी 'काँबा' या दैनिकात लेख लिहून त्या विजयाला विज्ञानाचा कसलाही आधार नाही, असे परखडपणे मांडले. फ्रान्समधील डाव्या विचारांच्या बुद्धिमंतांत त्या वेळी असे लिहिणे सोपे नव्हते. याच सुमारास साहित्यिक आल्बेर काम्यू यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि काम्यू यांच्या निधनापर्यंत ती टिकली.

पर्मिएजची कल्पना

एश्चेरिचिया कोलाय हा आतड्यातील जीवाणू लॅक्टोज म्हणजे दुग्धशर्करा वापरू शकतो. त्यासाठी तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर तयार करतो. हे विकर लॅक्टोजचे दोन तुकडे करते. मोनो यांच्या प्रयोगशाळेत या विकराचा अभ्यास चालू असताना काही विचित्र उत्परिवर्ती जीवाणू आढळले. त्यांच्यात विकर भरपूर होते. पेशी फोडून पाहिली तर ते नीट कामही करत होते. तरीही अखंड पेशीला लॅक्टोज दिले तर तिला त्याचा उपयोग करता येत नव्हता. घरात रांधणारा आहे, चूल पेटलेली आहे. पण शिधा उंबरठ्याबाहेरच पडून आहे, असा हा प्रकार होता.

याचा उलगडा करण्यासाठी हॉवर्ड रिकेनबर्ग, जॉर्ज कोहेन, जेरार ब्युताँ आणि मोनो यांनी लॅक्टोजशी साम्य असलेले, पण विकराला फोडता न येणारे संयुग वापरले. त्यातील गंधक किरणोत्सारी होते. जीवाणू या द्रावणात ठेवायचे, थोड्या वेळाने बारीक छिद्रांच्या गाळणीवर गोळा करायचे आणि त्यांच्यात किती किरणोत्सार साठला ते मोजायचे, अशी साधी रीत होती. निष्कर्ष मात्र साधे नव्हते. बाहेरच्या द्रावणापेक्षा पेशीच्या आत ते संयुग शंभरपटीहूनही अधिक साठू शकत होते. बाहेरचे प्रमाण वाढवत नेले तरी एका मर्यादेनंतर साठा वाढत नव्हता, म्हणजे आत नेणाऱ्या जागा मोजक्याच होत्या. खूण नसलेले दुसरे गॅलॅक्टोसाइड घातले की, आतले किरणोत्सारी संयुग बाहेर पडू लागे. ग्लुकोजपासून बनलेली जवळजवळ तशीच संयुगे मात्र ही जागा घेऊ शकत नव्हती. शिवाय, ही क्षमता सर्व पेशींत नव्हती. ज्यांना आधी लॅक्टोजसदृश पदार्थाची चाहूल दिली होती त्यांच्यातच ती उत्पन्न होई, आणि नवी प्रथिने बनणे थांबवले तर उत्पन्न होत नसे.

एवढ्या पुराव्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, पेशीपटलात लॅक्टोज ओळखणारे आणि ते आत नेणारे एक स्वतंत्र प्रथिन आहे. १९५६ मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी कोहेन व मोनो यांनी या विषयावर विस्तृत समीक्षा लिहिली. या प्रथिनाचे जनुकही विकराच्या जनुकाहून वेगळे असल्याचे दिसून आले. विकराच्या जनुकाला झेड आणि पर्मिएजच्या जनुकाला वाय अशी अक्षरे मिळाली.

वाहकाची कल्पना अगदीच नवी होती असे नाही. तांबड्या रक्तपेशींत ग्लुकोज कसे शिरते, याचा विचार करणाऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी पेशीपटलातील वाहकांची कल्पना आधीच मांडली होती. मोनो यांच्या गटाने त्यात भर घातली ती जनुकाची. वाहकामागे एक विशिष्ट जनुक आहे, ते बिघडले की केवळ तो वाहक नाहीसा होतो, हे दाखवता आल्यामुळे एका अमूर्त कल्पनेला ठोस आधार मिळाला.

टीकाही झाली. नावाच्या शेवटी 'एज' हा विकरांसाठी राखलेला प्रत्यय लावला होता. विकर रासायनिक बदल घडवते. पर्मिएज तर लॅक्टोजला जसेच्या तसे आत सोडते. ज्या वस्तूचा एक कणही कुपीत नाही, तिचे विकरासारखे बारसे करणे अनेकांना घाईचे वाटले. हा आक्षेप निराधार नव्हता. तोपर्यंत पर्मिएज म्हणजे आलेखांवरील काही रेषा आणि काही बिघडलेले जीवाणू, एवढाच ऐवज होता.

फसलेला माग

विकर शोधायचे तर पेशी फोडून तिच्या रसात त्याची क्रिया मोजता येते. वाहक प्रथिनाचे तसे नसते. पेशी फुटली की आत आणि बाहेर हा भेदच उरत नाही आणि ज्या क्रियेवरून ते ओळखायचे ती क्रियाच नाहीशी होते. मोनो यांच्या प्रयोगशाळेची अडचण नेमकी हीच होती. १९५९ मध्ये अर्विंग झाबिन, आदाम केपेश आणि मोनो यांना पेशीरसात गॅलॅक्टोसाइडला ॲसिटिल गट जोडणारे एक विकर सापडले. ज्या पेशींत पर्मिएज असे त्यांतच तेही असे. हेच पर्मिएज, किंवा निदान त्याचा एक भाग असावा, अशी आशा निर्माण झाली. परंतु पुढे ज्यांच्यात हे विकर नाही, पण शर्करा मात्र नीट आत शिरते, असे जीवाणू मिळाले. ते विकर शेजारच्याच तिसऱ्या जनुकाचे होते; वाहतुकीशी त्याचा संबंध नव्हता.

खुणेने लागलेला शोध

क्रियेवरून प्रथिन शोधता येत नसेल, तर त्याच्यावर कायमची खूण करून मग पेशी फोडावी, हा दुसरा मार्ग होता. १९६२ मध्ये अमेरिकेत वॉफ्सी, मेट्झगर आणि सिंगर यांनी प्रतिपिंडांच्या बाबतीत या मार्गाची पद्धतशीर मांडणी केली होती आणि तिला ॲफिनिटी लेबलिंग, म्हणजे आसक्तीच्या आधारे खूण करणे, हे नाव रूढ झाले. प्रथिन ज्या रेणूला नेहमी धरते त्याच्यासारखाच रेणू घ्यायचा आणि त्याला एक रासायनिक आकडा जोडायचा. प्रथिन फसून त्याला जवळ करते आणि आकडा तेथेच घट्ट रुततो. रेणू किरणोत्सारी असला तर हजारो प्रथिनांच्या गर्दीतही खूण झालेले प्रथिन ओळखू येते.

हार्वर्डमध्ये फ्रेड फॉक्स आणि यूजीन केनेडी यांनी १९६५ मध्ये पर्मिएजसाठी याच विचाराची एक युक्तीपूर्ण उलटी रीत वापरली. एन-एथिलमॅलिमाइड हे रसायन प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना कायमचे चिकटते आणि त्यामुळे लॅक्टोजची वाहतूक बंद पडते. मात्र पर्मिएजला घट्ट चिकटणारे थायोडायगॅलॅक्टोसाइड हे संयुग आधी घातले, तर पर्मिएजचा गट झाकला जाऊन सुरक्षित राहतो. फॉक्स आणि केनेडी यांनी प्रथम हे संरक्षक संयुग घालून साधे, खूण नसलेले रसायन दिले. त्याने इतर प्रथिनांचे उघडे गट भरून टाकले. मग दोन्ही धुऊन काढले. आता मोकळा राहिलेला गट प्रामुख्याने पर्मिएजचाच होता. त्यानंतर तेच रसायन किरणोत्सारी स्वरूपात दिले. बाटिक कामात मेणाने झाकलेला भाग पहिला रंग घेत नाही आणि मेण काढल्यावर दुसरा रंग फक्त तेथेच बसतो, तसेच काहीसे हे आहे.

तरीही काही भलत्याच प्रथिनांवर खूण होणारच होती. ती वजा करण्यासाठी त्यांनी दोन समस्थानिक वापरले. पर्मिएज असलेल्या आणि नसलेल्या पेशींना एकाच रीतीने, पण एकीला कार्बन-१४ ची आणि दुसरीला ट्रिटियमची खूण केली आणि दोन्ही एकत्र मिसळून प्रथिने वेगळी केली. जेथे दोन्ही खुणा सारख्या, तेथे भलतीच प्रथिने. जेथे पहिल्या पेशींची खूण वरचढ, तेथे शोधायचे ते प्रथिन. ते पेशीपटलाच्या अंशात सापडले आणि साबणासारख्या द्रावकाने ते विरघळवता आले. फॉक्स आणि केनेडी यांनी त्याला सावधपणे एम प्रथिन एवढेच नाव दिले. पण ते वाय जनुकाशी निगडित असल्याचे स्पष्ट झाले. मोनो यांच्या अनुमानातील प्रथिन खरोखरच अस्तित्वात होते.

ऑपेरॉन आणि नोबेल पुरस्कार

लॅक्टोजच्या याच जनुकांवर मोनो आणि जाकोब यांचे अधिक प्रसिद्ध काम उभे आहे. १९५९ मध्ये आर्थर पार्डी यांच्यासह केलेल्या प्रयोगातून असे दिसले की, विकराची निर्मिती रोखून धरणारा एक पदार्थ पेशीत असतो. लॅक्टोजसदृश पदार्थ आला की तो रोध उठतो. १९६१ च्या निबंधात जाकोब व मोनो यांनी संरचनात्मक जनुके, नियामक जनुक, निरोधक आणि संदेशवाहक आरएनए यांची सुसंगत मांडणी केली. एकत्र नियंत्रित होणाऱ्या जनुकांच्या गटाला त्यांनी ऑपेरॉन म्हटले. पर्मिएज आणि विकर एकाच इशाऱ्यावर का तयार होतात, याचे उत्तरही त्यात होते. निरोधकही पर्मिएजप्रमाणेच आधी अनुमानातून आला. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो १९६६ मध्ये प्रत्यक्ष वेगळा काढला.

प्रथिनाच्या एका जागी रेणू बसला की दुसऱ्या जागेचे कार्य बदलते, ही ॲलोस्टेरीची कल्पनाही मोनो, जाँ-पिएर शांझो आणि जाकोब यांनी १९६३ मध्ये मांडली. १९६५ मध्ये वायमन आणि शांझो यांच्यासह तिला गणिती रूप देण्यात आले. त्याच वर्षी नोबेल पुरस्कार जाहीर झाला. विज्ञानातील नोबेल फ्रान्सकडे येण्यास १९३५ नंतर तीस वर्षे लागली होती.

उत्तरायुष्य

१९६७ मध्ये मोनो कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. १९६० मध्ये हंगेरीतील संशोधक ॲग्नेस उलमन आणि त्यांच्या पतीला देशाबाहेर काढण्याची गुप्त योजना त्यांनी आखली होती. दोघांना वाहनाला जोडलेल्या प्रवासी गाडीत दडवून सीमेपार नेण्यात आले. उलमन पुढे पाश्चर संस्थेत नामवंत संशोधक ठरल्या. मे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात मोनो रस्त्यावर जखमी विद्यार्थ्यांच्या मदतीस गेले होते. १९७० मध्ये त्यांचा यदृच्छा आणि अनिवार्यता या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विज्ञानाबाहेरही त्यावर मोठा वाद झाला. विश्वात मानवाचे अस्तित्व पूर्वनियोजित नाही, हे त्यातील प्रतिपादन धर्मवाद्यांना आणि मार्क्सवाद्यांना सारखेच खटकले.

१९७१ मध्ये ते पाश्चर संस्थेचे महासंचालक झाले. संस्था तेव्हा आर्थिक संकटात होती आणि तिची घडी बसवण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली; प्रयोगशाळेत परतणे त्यांना जमले नाही. १९७२ मध्ये पत्नी ओदेत यांचे निधन झाले. रक्ताच्या कर्करोगाने ३१ मे १९७६ रोजी कान येथे मोनो यांचा मृत्यू झाला.

पर्मिएजचा पुढील इतिहास

खुणेच्या आधारे केलेल्या मोजमापात एम प्रथिनाचा रेणुभार सुमारे ३०,००० भरला होता. १९८० मध्ये वाय जनुकातील क्रम वाचला गेला, तेव्हा प्रथिन ४१७ ॲमिनो आम्लांचे आणि सुमारे ४६,५०० रेणुभाराचे असल्याचे कळले. मेदाळ पेशीपटलात राहणारी प्रथिने जेलमधून अपेक्षेपेक्षा वेगाने सरकतात, त्यामुळे आधीचे मोजमाप चुकले होते. त्याच वर्षी रोनाल्ड कॅबॅक यांच्या गटाने प्रकाश पडताच प्रथिनाला चिकटणारे गॅलॅक्टोसाइड वापरून पर्मिएजवर थेट खूण केली आणि लवकरच ते शुद्ध स्वरूपात मिळवून कृत्रिम पटलात त्याच्याकडून लॅक्टोजची वाहतूक करून दाखवली.

फॉक्स आणि केनेडी यांची खूण १४८ व्या क्रमांकाच्या सिस्टीनवर बसत होती. हा गट झाकला की वाहतूक थांबते, म्हणून तो वाहतुकीला अत्यावश्यक मानला जाई. १९८४ मध्ये जनुकात बदल करून त्या जागी ग्लायसीन बसवले, तरी पर्मिएज काम करतच राहिले. खुणेने जागा बरोबर दाखवली होती. मात्र तेथे चिकटलेले रसायन शर्करेची वाट अडवत होते, एवढाच त्याचा अर्थ निघाला. २००३ मध्ये या प्रथिनाची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली. पेशीपटलाला आरपार छेदणाऱ्या बारा सर्पिलांच्या मधोमध एक पोकळी आहे. त्या पोकळीत शर्करेच्या जागी बसलेला रेणू थायोडायगॅलॅक्टोसाइडचाच होता.